पुतण्यानं सांगितलेलं गाव

विलायतेत कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या वर्षांत मी अमरावतीच्या एका दवाखान्यात बायांच्या खोलीत कामाला होते. बाई दारात आली की तिचे हातपाय धुवायचे, कपडे गाठोड्यात बांधून ठेवायचे, कोणाच्या हातचं पाणी चालतं ते विचारायचं. आणणाऱ्याला गाव विचारायचं, न्यायला कोण येणार तेही. बरी झाली की ज्यानं आणली त्याच्याच हाती सोपवायची. हे सगळं माझ्याकडं होतं आणि मला त्याचा भारी तोरा होता.

ऐन वेचणीत एक पुतण्या आपल्या म्हाताऱ्या काकूला घेऊन आला. तिचा पाय मांडीत मोडला होता. गाडी नवी, बैलांच्या गळ्यात नवे घुंगरू, याच्या खांद्यावर कोरं उपरणं. घरात गरिबी नव्हती, सवड नव्हती. आईबाप लहानपणीच गेले, काकूनंच वाढवलं, असं सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं मूर्तिजापूरकडचं एक गाव सांगितलं, महिन्याभरात येतो म्हणाला आणि म्हातारीच्या पाया पडला. मी विरघळले. असा पुतण्या देव सगळ्यांना देवो, असं आल्यागेल्याला सांगत सुटले.

पायाला फळ्या बांधून ती अडीच महिने पडून होती. तिचं हगणंमुतणं मी काढलं, भाकर कुस्करून भरवली. फळ्या सुटल्यावर तिला आतल्या खाटेवरून ओसरीवर हलवलं. ओसरीवर आलेली बाई लवकरच घरी जायची, म्हणून सगळ्या तिथं रस्त्याकडं डोळे लावून बसत. ही सुपारी कातरत बसे, वर मान करून बघत नसे.

गाडीवानांबरोबर तीन सांगावे धाडले. तिथं असं कोणी नाही, असं ते येऊन सांगत आणि मी त्यांनाच आळशी ठरवत होते. डॉक्टरसाहेबांना खाट रिकामी हवी होती. शेवटी मीच रजा काढली, कापूस उतरवून परतणाऱ्या एका गाडीत तिला बसवलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी गाव आलं. चावडीवरच्या पाटलांनी म्हातारीला निरखून पाहिलं.

"ह्या बुढीले आमी कदी पाह्यलं नाई, बाई. हे आमच्या गावची नाई."

मी गाडीकडं वळले. ती खाली मान घालून बसली होती.

"तुले मालूम होतं, माय?"

"होतं. थो गाव सांगे तवा मी बाजूलेच होती."

"मंग काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुनं मले त्याच्याच गाडीत वापस बसवलं असतं."

बसवलं असतं, हे खरं. म्हणून तर जास्तच झोंबलं.

"आता त सांग. खरं गाव कोणतं?"

"नाई सांगत. लोकं त्याच्या तोंडात शेण घालतील."

पुतण्यानं फसवलं याचं मला फार वाटलं नाही, तो परका. पण हिनं? अडीच महिने मी घास भरवत होते, तुझा पुतण्या येईलच म्हणून धीर देत होते, आणि ही माझ्याकडं बघून मान डोलवत होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. भर चावडीसमोर मी रडले. माझ्या रडण्याची तिला लाज वाटली असावी, पण गाव काही तिनं सांगितलं नाही.

रस्त्यात टाकून देववेना. दवाखाना परत घेईना. मी एकटीच राहत होते, म्हणून घरी आणली. चार वर्षं राहिली. भाजी निवडायची, दळताना जात्याला हात लावायची, शेजारणींना मला लेक म्हणून सांगायची. मी ते ऐकून घ्यायची, पण मनातली अढी काही गेली नाही.

ती जायला टेकली तेव्हा मी तिच्या कानाशी वाकून पुन्हा गाव विचारलं. निदान निरोप तरी धाडता येईल, एवढंच मनात होतं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. चार वर्षं माझ्या हातचं खाल्लं आणि माझ्याच घरात ती त्याची म्हणून मेली. तो राग माझा अजून गेलेला नाही.