कुलपातली बालपुस्तकं

भवानी पेठेतल्या आमच्या वाचनालयात जुन्या बालपुस्तकांचं एक कपाट आहे. आपल्या आजोबांच्या लहानपणची ही पुस्तकं. आत बोलणारे उंदीर, आज्ञाधारक बाळं आणि शेवटी हमखास उपदेश. एवढं वाचूनही ती पिढी इतकी हट्टी कशी निघाली, देव जाणे. ग्रंथपाल म्हणून मी या कपाटाला वीस वर्षं कुलूप घातलं. पोरं म्हणजे चिवड्याचे हात आणि थुंकी लावून उलटलेली पानं! किल्ली पर्समध्ये घालून मी स्वतःला फार थोर समजत होते.

मग एक दिवस अध्यक्ष आले. त्यांना स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी आणखी खुर्च्या टाकायच्या होत्या.

"बाई, हे कपाट लई जागा खायलंय की. रद्दीत घालू."

"ऐतिहासिक ठेवा आहे हा," मी फणकारले.

"असंल. पण वाचायलंय कोण?"

मी तावातावानं देवघेवीची जुनी वही काढली. बालविभागातली शेवटची नोंद मी नोकरीला लागले त्या आठवड्यातली होती. त्याआधीची पानं मात्र मुलांच्या सह्यांनी गच्च भरलेली, त्यात माझीही, चौथीतली, वाकडीतिकडी. तेव्हाच्या ग्रंथपालांनी मला कधी हात धुतलेस का म्हणून विचारलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी एका महिन्याची मुदत मागून घेतली.

त्याच संध्याकाळी कुलूप काढलं. शेजारच्या गल्लीतली एक मुलगी पहिली आली.

"घरी न्यायचं? फाटलं तर?"

"फाटू दे," मी म्हणाले, पण पुस्तक काही माझ्या हातून सुटेना. शेवटी तिनंच ओढून घेतलं.

महिन्यानं अध्यक्ष आले तेव्हा टेबलावर पुस्तकांचा ढीग होता. दोन पुस्तकांची मुखपृष्ठं गेलेली, एकावर आमटी, आणि एका आज्ञाधारक बाळाला पेनानं झुपकेदार मिशा.

"बाई, पार वाटोळं झालंय की ओ!"

"व्हय. वाचलीत की पोरांनी."

ते मिशावाल्या बाळाकडे बघत राहिले आणि खो खो हसत सुटले. "नातीला दाखवतो. कपाटाचं नंतर बघू," म्हणत पुस्तक काखेत मारून निघालेसुद्धा. मी वही घेऊन मागे पळाले आणि जिन्यातच त्यांची सही घेतली.