त्यांना चाळिशी लाव

आमच्या प्रेमनगरातल्या यज्ञेश्वर मुळ्यांचं आडनाव झाशीत आजवर कोणी धड उच्चारलेलं नाही. इथल्या हिंदीत ळ नाही, त्याला कोण काय करणार. ऑफिसात ते मुलेजी, दूधवाल्याचे मूलेजी आणि भाजीवालीचे तर थेट मूलीजी. ती हातात मुळ्याची जुडी धरून ‘मूलीजी, ले जाओ’ म्हणते तेव्हा मी मुद्दाम खिडकीत उभी राहते.

मी त्यांची शेजारीण, त्यांना भाऊजी म्हणते. भाऊजींचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी भुसावळहून आले, वडील रेल्वेत, भाऊजीही रेल्वेतच. तीन पिढ्या इथल्या पाण्यावर वाढल्या, पण घरात ळ जपला, लोणच्याच्या बरणीसारखा. मुलीचं नाव बकुळ ठेवलं तेही त्याच हट्टातून. ती बिचारी शाळेत बकुल, कॉलेजात बकुल, आणि आता स्वतःची ओळखही बकुल म्हणूनच करून देते. मराठी तिला कळतं सगळं. बोलायची वेळ आली की हिंदीची काठी टेकत चालते.

भाऊजींना दोन गोष्टींचा अभिमान. एक, इथल्या मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत दर रविवारी ते पोरांना मराठी शिकवतात तो वर्ग. आणि दुसरी, डोळे. पंचावन्नी आली तरी नाकावर चष्मा नाही. पेपर वाचताना हात असे ताठ करतात की समोरून येणाऱ्याला वाटावं, आपल्याला ओवाळायला निघालेत. कमलताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणते, ह्यांचे हात अजून वीतभर लांब असते तर चष्म्याचा प्रश्नच मिटला होता. तिनंच कधीतरी मानिक चौकातून वाचायचा चष्मा आणला. आमच्याकडे त्याला चाळिशी म्हणतात. चाळिशी उलटली की लागते ती चाळिशी. ती फ्रीजवर पडून होती. भाऊजींच्या मते त्यांचे डोळे उत्तम होते, हल्ली लोक अक्षरंच बारीक छापतात.

तर झालं असं की मंडळाचे चिटणीस मधुसूदनराव यांच्या मनात त्या मागच्या खोलीत टेबलटेनिस आणायचं आलं. वर्गाला पोरं येतात किती, आणि आली तरी मंगळवारला मंगलवारच म्हणतात ना, असं त्यांचं म्हणणं. भाऊजींना जेवण जाईना. वर्ग गेला तर आपण रविवारी नुसते मूलीजी उरू, असं काहीसं ते कमलताईला म्हणाले, आणि तिनं ते मला सांगितलं, म्हणून तुम्हाला कळतंय.

भाऊजी ऑफिसात आकडेवारीच्या कामावर. तिथे हल्ली प्रोग्राम लिहून आलेख काढायला शिकलेले. त्यांनी झाशीतली मराठी घरं पालथी घातली, पार नगरा मोहल्ल्यापर्यंत जाऊन आले, कुठल्या साली किती पोरं घरात मराठी बोलत होती ते विचारलं आणि आलेख काढला. रेषा खालीच येत होती, पण वर्ग सुरू झाला तिथे जराशी सावरत होती. ते सावरणं सभेला दाखवायचं, एवढाच त्यांचा सगळा खटाटोप.

पहिल्या सभेत प्रोजेक्टरमधून आलेख भिंतीवर पडला तेव्हा अध्यक्ष गोविंदराव, वय ऐंशीच्या पुढे, डोळे बारीक करून म्हणाले, “ह्या कडेनं कसल्या मुंग्या चालल्यात?” त्या मुंग्या म्हणजे सालं आणि संख्या. मला दिसेल तेच मी मानतो, असं सांगून त्यांनी निकाल पुढच्या रविवारवर टाकला.

मग तो आठवडा भाऊजींनी अक्षरं मोठी करण्यात घालवला. यातली मेख त्यांनी मला ऐकवलीच, मी विरजण न्यायला गेले होते तरी. रेषेच्या कडेला नाव असतं, ‘मराठी बोलणारी मुलं’, आणि रेषेवर आकडे असतात. दोघांचा आकार वेगवेगळा लिहून सांगावा लागतो. भाऊजी नावाचा आकार वाढवत राहिले. नाव फुगलं, आकडे तिथेच. मी म्हटलं, साहजिक आहे, जावेला कुंकू लावलं म्हणून नणंदेला लागत नाही. त्यांना हसू आलं नाही. पुढे ती खोच सापडली, पण मग बारा करून बघ, चौदा करून बघ, आणि दर वेळी खुर्ची मागे सरकवून, मान मागे नेऊन तेच वाक्य: अजून बारीकच आहे.

शनिवारी संध्याकाळी वैतागून ते फिरायला निघाले आणि बकुळला सांगून गेले, तू बघ जरा, आकडे वाचता येत नाहीयेत. मी स्वयंपाकघरात कमलताईजवळच होते. बकुळनं बाहेरून विचारलं, “आई, बाबा म्हणतात आकडे दिखते नहीं. काय करू?”

कमलताई पोळी लाटता लाटता म्हणाली, “काय करायचंय? चाळिशी लाव त्यांना.”

बाहेरून ‘ठीक आहे’ आलं. आम्ही पुन्हा मधुसूदनरावांच्या सुनेच्या विषयाकडे वळलो.

भाऊजी परत आले, खुर्चीत बसले आणि कधी नव्हे ते खूश झाले. आकडे स्वच्छ वाचता येत होते. रेषेचं काय झालं ते त्यांनी पाहिलं नाही. तशी ती बारीक रेघ त्यांना आधीही कुठे दिसत होती, आठवणीनंच तर बघत होते.

रविवारी सभा भरली. दिवे मालवले, भिंतीवर आलेख पडला, आणि आमच्या रांगेत कुणीतरी ‘अरे देवा’ म्हटलं. उभ्या बाजूला आकडे असे, जणू दुकानाच्या पाट्या. खालची सालं एकमेकांच्या अंगावर चढून काळा गोळा झालेला. ‘मराठी बोलणारी’ एवढंच नाव उरलं, मुलं वर छताच्या दिशेनं कापली गेलेली. आणि या सगळ्यांनी ढकलून ढकलून मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा ठेवलेली, तिच्यात रेषा, भाजीत पडलेल्या केसासारखी.

गोविंदराव तेवढे खूश. आज वाचता येतंय म्हणाले, आणि आकडे मोठ्यानं वाचूनही दाखवले.

मधुसूदनराव गोड आवाजात म्हणाले, “मुळ्येसाहेब, आकडे छान आहेत. आलेख आणायचा राहिला का?”

भाऊजी भिंतीजवळ गेले, मग मागे आले, मग हात ताठ केला, पण भिंतीला हातात कसं धरणार. ज्या सावरण्यासाठी घरोघरी चपला झिजवल्या ते कुठेच दिसत नव्हतं. चेहरा उतरला. मला एरवी त्यांची गंमत करायला आवडते, त्या क्षणी नाही आवडली.

“बकुळ,” ते हळूच म्हणाले, “आकार किती दिलास?”

बकुळ उभी राहिली. “चालीस. दोन्ही जागी. आईनंच सांगितलं, चालीस लगा त्यांना. त्यांना, म्हणजे आकड्यांना.”

कमलताई मागच्या रांगेतून म्हणाली, “अगं, चाळिशी म्हटलं मी. आणि त्यांना म्हणजे तुझ्या बापाला.”

मग पुढच्या रांगेतली अनुसूयाआजी हसायला लागली, तिच्या मागे सगळी पांढरी डोकी, मग आम्ही केसांना मेंदी लावणाऱ्या. गोविंदरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. पण पुसता पुसता ते थांबले. मागच्या बाजूला तरुण मंडळी बसली होती, आणि ती हसत नव्हती. एकमेकांकडे बघत होती. मधुसूदनरावांचा नोकरीला लागलेला मुलगा श्रीकृष्ण शेजारच्याला विचारत होता, “चालीस और चालिशी में फ़र्क़ क्या है, भैया?”

ते सभेत सगळ्यांनी ऐकलं. मधुसूदनरावांनीही.

गोविंदराव म्हणाले, “दिवे लावा. आता आलेखाची गरज नाही. कोण हसलं आणि कोण नाही, मला दिसलं.”

मधुसूदनराव म्हणाले, पण टेबल तर बघून ठेवलंय. गोविंदरावांनी सांगितलं, दुमडणारं बघा, रविवारी भिंतीला टेकवून ठेवा. वर्ग चालू राहील. आणि बकुळ आणि श्रीकृष्ण दोघंही त्यात बसतील.

बकुळनं कुरकुर केली, पण बसली. पहिल्या रविवारी भाऊजींनी तिला फक्त तिचं नाव म्हणायला लावलं. जीभ मागे वळव, टाळूला टेकव, सोड. ती बकुल म्हणाली, बकुर म्हणाली, एकदा तर बकुड म्हणाली. आठवडाभर भिंतीपलीकडून हेच ऐकत माझ्या पोळ्या झाल्या.

परवा मी विरजणाला गेले तर भाऊजी पेपर ओवाळत बसले होते. बकुळ फ्रीजपाशी गेली, त्यांच्यासमोर हात धरला आणि म्हणाली, “बाबा, ही घ्या तुमची चाळिशी.”

ळ असा खणखणीत, पाट्यावर पडलेल्या वरवंट्यासारखा. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं चष्मा नाकावर चढवला. मग मान वळवून समोर बसलेल्या मला न्याहाळलं, चांगलं बराच वेळ.

“वहिनी,” ते म्हणाले, “पुढच्या बटेला मेंदी लागलेली नाही तुमच्या.”

विरजण तिथेच राहिलं.