तळाशी बसलेलं दूध

धाकटे,

तू गेल्यावर जो तो तुझं गोड बोलणं आठवत बसला. तू गोड बोलायचीस फक्त गिऱ्हाइकांशी. मी तुझी थोरली जाऊ, मला खरं लिहू दे. जन्मभर दुधाचा बूथ चालवलास आणि जगातल्या प्रत्येक पांढऱ्या वस्तूतलं आपल्यालाच कळतं, असं धरून चाललीस.

त्यात सून मिळाली ती लिफ्ट दुरुस्त करणारी, आणि वर व्हीगन. दूध, दही, लोणी, अंडं, जनावराकडून आलेलं काही म्हणजे काही नको. "जाऊबाई, माझ्या बूथशी हिचं काय वैर आहे हो?" असं तू मला विचारायचीस, तेही तिला ऐकू जाईल अशा आवाजात.

तिला दिवस गेले. तपासणीत कॅल्शियम कमी निघालं आणि तुला रान मोकळं मिळालं. उठता बसता "दूध पी". एक दिवस तिनं शांतपणे बॅग खाली काढली. "आई, हेच ऐकायचं असेल तर बाळंतपण होईपर्यंत मी माहेरी राहते." तुझा मुलगा दाराला टेकून नखं कुरतडत उभा. त्याचा उपयोग तेवढाच.

तोडगा डॉक्टरीणबाईंनी काढला. गोळ्या चालू ठेवायच्या आणि कॅल्शियम घातलेलं सोयाचं दूध रोज प्यायचं. सून म्हणाली, "दुधाची आणि कामावर न्यायच्या खाण्याची पाकिटं आईंनी निवडावीत. पण पुढच्या तपासणीत आकडा हलला नाही आणि पुन्हा बोलणी सुरू झाली, तर मी निघाले." तू मान डोलावलीस. ती जाईल या भीतीनं तुझी झोप उडाली होती, हे मला माहीत आहे.

मग ओट्यावर आपलं न्यायालय भरलं. बारीक अक्षर मी वाचायची, निकाल तू द्यायचीस. मांसासारख्या लागणाऱ्या वड्या आल्या. प्रथिनं बरी होती, मीठ भरमसाट, आणि भाजायला ओव्हन हवा. "लिफ्टच्या खोलीत ओव्हन काय डोक्यावर नेणार?" नापास. मग चीज आलं.

"प्रथिनं किती?"

"शून्य."

"मग आहे काय त्यात?"

"खोबरेल तेल आणि स्टार्च."

"द्या इकडे, केसांना लावते."

शेंगदाण्याची वडी मात्र पास झाली. ग्रीसनं माखलेल्या हातांनी, दातानं कागद फाडून खाता येते म्हणून. सोयाच्या दुधाचा थेंब तू नखावर घेतलास, तो घसरला. "पाणी आहे हो हे!" प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास आहेत, हे मला दोनदा ओरडून सांगावं लागलं. नाक मुरडून पास केलंस आणि रोज स्वतःच्या हातानं तिला पेला देऊ लागलीस.

पुढच्या तपासणीत आकडा जागचा हलला नव्हता. सून बॅग काढून कपड्यांच्या घड्या घालू लागली. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले, तर तू सोयाच्या दुधाचा खोका अलगद तिरपा करून वरचं दूध पेल्यात घेत होतीस आणि उरलेलं मोरीत ओतत होतीस.

"हे काय चाललंय?"

"गाळ आहे. तळाशी पांढरं बसलेलं दूध मी उभ्या आयुष्यात कुणाला दिलेलं नाही."

"अगं, तेच तर कॅल्शियम! हलवून घ्यायचं असतं. मी वाचून दाखवलं होतं."

"दूध कुणी हलवतं का? लोणी धरेल."

"सोयाला? कुठलं लोणी?"

तू खोका खाली ठेवलास. मला वाटलं, आता हे कुणाला सांगू नका म्हणशील. पण तू हात पुसलेस आणि थेट तिच्या खोलीत गेलीस. "पोरी, तुझं कॅल्शियम मी रोज मोरीत ओतलं. गाळ समजून. जायचं तर जा, पण दूध वाईट होतं म्हणून जाऊ नकोस."

ती पोट धरून हसत सुटली. "आई, मोरीची हाडं काय मजबूत झाली असतील!" घड्या घातलेले कपडे तूच परत कपाटात लावलेस. त्यानंतर आकडा वाढला, आणि नात झाली ती धडधाकट.

वर्षाची झाल्यावर ती कुठलं दूध पिणार, हा तुझा पुढचा खटला. मोठ्या दुकानात जाऊन आपण दोघींनी एकेक खोका पारखायचा, असं ठरलं. आधी तुझा गुडघा आडवा आला, मग माझा मोतीबिंदू, मग तूच गेलीस. परवा सुनेनं नातीसाठी फोनवरून कुठलंतरी दूध मागवून टाकलं. आपलं जायचं राहिलंच.