दिव्याच्या रेषेत

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आईच्या डोळ्याचं माप घेणं चाललं होतं. त्यावरून आत बसवायच्या भिंगाचा नंबर ठरतो. तिची हनुवटी यंत्रावर टेकलेली, पण डोळा सारखा दाराकडे, माझ्याकडे वळायचा. दर वेळी आकडा वेगळा. माझी चुळबुळ वाढली. चुकीचं भिंग बसलं तर?

"आजी, लाल दिव्याकडेच बघा ना," माप घेणारी मुलगी वैतागली.

"अगं, हा गेला की काय, ते बघते."

आयुष्यभर माझी वाट बघत आलेला डोळा एका दिव्यावर कसा ठरणार?

शेवटी मीच यंत्रामागे, दिव्याच्या रेषेत जाऊन उभा राहिलो. "आई, इथंच आहे मी."

डोळा ठरला. माप मिळालं.

मी मात्र तेवढ्यातही घड्याळ पाहिलं.