दिल्लीला परवानगी मागायला

कसबा बावड्यातल्या आमच्या घरात स्वयंपाकघराला एकच खिडकी होती. शेजाऱ्यांनी माडी चढवताना तिच्यापुढं भिंत उभी केली आणि आईला भर दुपारी दिवा लावून भाकरी थापायची वेळ आली. तिनं दावा लावला. खालच्या कोर्टात हरली, जिल्हा कोर्टातल्या अपिलात हरली, हायकोर्टातही हरली. तोवर तिचे सगळे केस पिकले होते.

"आता सुप्रीम कोर्ट," ती वकिलांना म्हणाली. "तो माझा हक्कच हाय की."

वकील आमच्याच गल्लीतले. "काकी, तिथं तसा हक्क न्हाय. अपील करू द्या म्हणून आधी परवानगी मागायची. बहुतेकांना दारातनंच माघारी लावत्यात."

"मग मागूया की. मागायला कोण अडवतंय?"

मी तिच्याबरोबर दिल्लीला गेले. तिनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं, आणि तिथल्या वकीलबाईंसाठी कांदालसूण चटणीची बरणी घेतली होती.

कोर्टात आम्ही अगदी मागं उभ्या राहिलो. पुकारा झाला. वकीलबाई चार वाक्यं बोलल्या. न्यायमूर्तींनी कागद चाळत काहीतरी विचारलं आणि लगेच अर्ज फेटाळला.

"काय म्हणालं गं?" आईनं विचारलं.

"दुसऱ्या बाजूला खिडकी काढता येत नाही का, असं विचारलं."

"एवढ्या मोठ्या माणसानं माझ्या स्वयंपाकघराचा इचार केला बघ," ती हसली. बाहेर आल्यावर मात्र पायरीवर बसून रडली. "हरल्याचं न्हाय गं. आता कुठं जायचंच उरलं न्हाय."

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी शेजारी दारात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"वहिनी, दिल्लीचं कोर्ट आतनं कसं हाय वो? मी जिंकलो खरं, पण बघाय मिळालं न्हाय."

आईनं त्यांना आत घेतलं, चहा ठेवला, सगळं रंगवून सांगितलं. न्यायमूर्तींचा प्रश्नही सांगितला. ते उठून स्वयंपाकघरात गेले, मागच्या परड्याकडच्या भिंतीवर थाप मारून म्हणाले, "हितं काढूया की. गवंडी मी आणतो."

"ह्ये आधी सुचलं न्हाय व्हय, भावजी?"

"तुमी कोर्टाशी बोलत होता. माझ्याशी कुठं बोलत होता?"

रविवारी गवंडी आला. खिडकी किती उंचीवर घ्यायची, यावरून दोघं सकाळभर असे भांडले की गल्ली गोळा झाली.