मिरजेत मी लेकाला भाचा म्हणालो

पालक मंडळींनो, उशिरा लिहितोय, माफ करा. दुपारपासून हिंमत होत नव्हती.

माझ्या दिनूला पुरुष आवडतात, हे मी या ग्रुपबाहेर कुणाला कधी सांगितलं नाही. दारूत बुडालेला पोरगा मिरजेतल्या त्याच्यासारख्याच लोकांच्या दारू सोडवणाऱ्या गटानं सावरला. आज दारू सोडून वर्ष झालं. तिथं वर्ष पुरं झालं की घरच्या माणसानं सगळ्यांसमोर उभं राहून नातं सांगायचं आणि पेढा भरवायचा, अशी रीत आहे.

मी उभा राहिलो आणि दारात आमच्या गावचा, आष्ट्याचा, ओळखीचा माणूस दिसला. तोंडातून निघालं, "हा माझा भाचा."

दिनू हसला. "आवं मामा, भरवा की. लोकं थांबल्यात."

पेढा खाऊन तो गेला. तेव्हापासून फोन बंद आहे. आज त्यानं पुन्हा बाटली धरली तर ती मीच हातात दिली म्हणायची.

तुमची पोरंही त्याच्यासारखीच, एकमेकांना ओळखतात; त्यांना विचारा. दिसला तर लगेच कळवा. म्हणावं, बाप वाट बघतोय.