रजयांच्या चवडीतला साबण

माझ्या सासूबाईंचं नाव मी सांगणार नाही. आमच्या नारीनच्या डोंगराळ मुलखात सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं, आणि चुकून घेतलंच तर त्यांना डोंगरापलीकडूनही ऐकू येतं. गाव त्यांना आपा म्हणतं, मीही आपाच म्हणते.

मेंढी अडली की आसपासचे मेंढपाळ आपांना न्यायला घोडा पाठवतात. बाह्या सारून, उघड्या हातांनी त्या कोकरू ओढून काढतात. जिवंत असो की मेलेलं, हात गवताला पुसतात आणि तशाच चहाला बसतात. कोणी काही म्हटलं तर, "आता मला मेंढी शिकवणार का तुम्ही?" दोन हिवाळे झाले, संध्याकाळ झाली की त्यांना ताप चढतो, गुडघे धरतात. त्या त्याला थंडी म्हणतात. गेल्या वर्षी गाभडलेल्या मेंढ्यांची मेलेली कोकरं मीही त्यांच्याबरोबर काढली होती, आणि पुढच्याच महिन्यात माझं पोटातलं गेलं. त्याला आम्ही नशीब म्हणालो.

या वर्षी मला पुन्हा दिवस राहिले, आणि त्याच सुमाराला राजधानीतून, बिश्केकहून, बेगिमय आली. मेंढपाळांना येणाऱ्या तापाचा ती अभ्यास करत होती. तिनं घरोघरी साबणाच्या वड्या आणि रबरी हातमोजे वाटले. मेंढ्यांचा ताप हातांवाटे माणसांत येतो, आणि गर्भारशीला तर तो फार वाईट, असं तिनं बजावून सांगितलं. महिन्यानं येऊन ती उरलेला साबण तोलणार होती, म्हणजे कोणी किती वापरला ते कळेल.

आपांनी वडी नाकाशी धरली. गुलाबाचा वास होता.

"एवढा चांगला साबण मेंढीच्या घाणीला? आणि गुलाबाच्या हातांनी काढलेलं कोकरू मेंढी जवळ तरी घेईल का?"

सगळ्या वड्या आणि हातमोजे रजयांच्या चवडीत गेले. वड्या बाळाला पाळण्यात घालायच्या दिवशी पाहुण्यांपुढं ठेवायच्या होत्या. मला भीती वाटत होती, पण आमच्या घरी सुनेनं तोंड उघडलं की तिला पाणी आणायला पाठवतात.

महिना सरला. एका सकाळी निरोप आला, बेगिमय शेजारच्या वस्तीपर्यंत पोचलीय. आपा चपापल्या. "बिचारीला काय दाखवू आता? तिची नोकरी जाईल गं." त्यांनी भराभर वड्या उपसल्या. आधी कुत्रा धुतला, मग खोगीर. तेवढ्यात सासरे दारात आले, तेही सुटले नाहीत. कुत्रा दिवसभर लाजून कुंपणामागं बसला होता.

दुपारी बेगिमयनं वड्या तोलल्या आणि खूश झाली. "आपा, गावात तुमच्याइतका साबण कोणीच वापरला नाही." आपा जरा ताठ बसल्या.

"आणि ताप?"

"येतो की. रोज येतो."

पोरीचा चेहरा उतरला. "म्हणजे हात धुऊनही फरक नाही. अजून काही घरांत असंच निघालं तर मला तसंच लिहावं लागेल. मग पुढच्या वर्षी साबणही नाही नि मोजेही नाहीत."

आपा नान तोडत होत्या, त्यांचा हात थांबला. नान पुढ्यात असताना आमच्यात खोटं बोलत नाहीत. त्यांनी माझ्या पोटाकडं पाहिलं.

"कुत्र्याला लावलाय," त्या म्हणाल्या.

"काय लावलंय?"

"साबण. कुत्र्याला, खोगिराला आणि या म्हाताऱ्याला. आज सकाळी. मेंढी सोडवून मी एकदाही हात धुतले नाहीत. लिही तसं. आणि गेल्या वर्षी मीच हिला मेंढ्यांत बसवलं, हिचं पोर गेलं, तेही लिही."

मला रडू फुटलं. कोपऱ्यातून सासरे म्हणाले, "माझंही नीट लिही हो. गुलाबाच्या वासाचा म्हातारा." मग बेगिमय हसली आणि आपांना दवाखान्यात न्यायचं तिनं तिथंच ठरवून टाकलं. आपा चक्क हो म्हणाल्या.

संध्याकाळी एक मेंढी अडली. साबणाजवळ राहून गुलाबाचा वास लागलेले मोजे कुरकुरत चढवून आपा गेल्या. मला दाराबाहेरही येऊ दिलं नाही. परतल्यावर त्यांनी सांगितलं, कोकरू जिवंत आहे आणि मेंढी त्याला खुशाल चाटतेय. "नाक चोंदलं असेल मेलीचं," आपा म्हणाल्या.

जेवणाआधी सगळ्यांच्या हातांवर पाणी घालणं हे सुनेचं काम. मी तांब्या उचलला. आपांनी आधी स्वतःचे हात कोपरापर्यंत, साबण लावून धुतले. मग माझ्या हातातून तांब्या काढून घेतला.

"हात पुढं कर."

"आपा, मी कशालाच शिवले नाही."

"कर म्हणते ना."

लग्न झाल्यापासून मी या घरातल्या प्रत्येकाच्या हातांवर पाणी घातलंय. माझ्या हातांवर कधी कोणी घातलं नव्हतं. पाणी कोमट होतं. आपांना संध्याकाळचा ताप चढला होता, तरी धार त्यांनी तुटू दिली नाही.